सायकलीला गणवेश नसतो

गेल्या महिन्यात आपल्या जिमखान्याच्या फलकावर सायकल फेरीची सूचना लागली. खाली नावे लिहिण्यासाठी कोरा कागद टाचला होता. चार दिवसांनी पाहिले तर त्यावर अकरा नावे होती, आणि त्यांत मुलींची अवघी दोन. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली रोज सायकलीवरून कॉलेजात येतात, तेव्हा हे मला नवल वाटले. दोघीतिघींना विचारले. उत्तर एकच आले. "आमच्याकडे तो ड्रेस कुठे आहे?" एका मित्राला विचारले, तर तो म्हणाला, "शूज घेतल्यावर पुढच्या वर्षी बघू." म्हणजे सायकल आहे, पाय आहेत, रस्ता आहे, हौसही आहे, अडले ते कपड्यांपाशी. रोज आठ किलोमीटर सायकल मारणारी मुलगी फेरीचा कागद पाहून स्वतःला सायकलस्वार समजेनाशी होते, ही गोष्ट मला साधी वाटत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

मी मूळची बोरगावकडची. हे बोरगाव मध्य प्रदेशात, सौंसर तालुक्यात, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर आहे. पूर्वी आमचा जिल्हा छिंदवाडा होता. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि आम्ही त्यात आलो. घरी मराठी, कचेरीत हिंदी, शेतात कापूस आणि संत्री, असा आमचा मुलूख. बोरगावला औद्योगिक वसाहत आहे. १९९१ साली तेथे रेमंडची कापडगिरणी आली, आणि आजूबाजूच्या गावांतली माणसे पाळीवर कामाला जाऊ लागली. आमचे गाव तेथून चार किलोमीटर. शासनाच्या योजनेतून मला नववीत सायकल मिळाली, आणि चार वर्षे मी त्या रस्त्याने शाळेत गेले. सायकल चालविण्यासाठी काय लागते याचे माझे सगळे शिक्षण त्या रस्त्यावर झाले.

त्या रस्त्यावरचे सायकलस्वार मला आजही डोळ्यांसमोर दिसतात. पाळीला जाणारे काका उजव्या पायाची विजार सुतळीने नाहीतर जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधत. उजव्याच पायाची, कारण साखळी त्या बाजूला असते. तीच ट्यूबची पट्टी कॅरियरवर डबा आवळण्याच्या कामी येई. मे महिन्यात डोक्याला ओला दुपट्टा, कानांवरून घट्ट. पावसाळ्यात सीटवर प्लास्टिकची पिशवी, आणि दुसरी पिशवी खिशातल्या पैशांना. संध्याकाळी किडे डोळ्यांत जातात म्हणून वेल्डिंगच्या दुकानात काम करणारा एक जण कामाचा पांढऱ्या काचेचा चष्माच लावून घरी येई. आमचे दूधवाले काका डिसेंबरच्या पहाटे सदऱ्याच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालत. वारा आत शिरत नाही, आणि घरी पोचल्यावर पेपर वाचताही येतो, असे ते म्हणत.

खेळाचे सामानही असेच फिरत असे. दादाजवळ यष्टिरक्षकाचे आतले हातमोजे होते. थंडीत हँडल धरायला ते उत्तम, आणि पडलो तर हात आधी जमिनीला टेकतो, तेव्हा तळव्याची साल वाचते. कबड्डीची घट्ट चड्डी पँटच्या आत घातली की लांबच्या वाटेवर मांड्या सोलत नाहीत. खो-खोचे सपाट तळाचे कॅनव्हास बूट पॅडलवर चांगले बसतात. उलट फुटबॉलचे बूट घालू नयेत, खालच्या गुट्ट्या पॅडलवरून निसटतात. आणि जीन्स तर अगदीच वाईट. तिची जाड शिवण नेमकी बसण्याच्या जागी येते. एवढे ज्ञान मिळवायला कुणाला दुकानात जावे लागले नाही.

आता कुणी म्हणेल, हा गरिबीचा जुगाड झाला. खऱ्या सायकलिंगशी त्याचा काय संबंध? मला वाटते, संबंध फार जवळचा आहे. सायकलीच्या खेळाचा इतिहास पाहिला तर तो उसनवारीचाच इतिहास आहे. दूधवाले काका छातीवर पेपर घालत. टूर द फ्रान्सचे स्पर्धकही डोंगराच्या माथ्यावर प्रेक्षकांच्या हातून वर्तमानपत्र घेत आणि उतारावरच्या गार वाऱ्यासाठी जर्सीच्या आत सारत. दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते. शर्यतीची जर्सीसुद्धा कित्येक दशके साध्या लोकरीची असे. लोकर घाम शोषते आणि ओली झाली तरी ऊब सोडत नाही. कृत्रिम धाग्यांनी तिची जागा घेतली ती मुख्यतः १९७० आणि १९८० च्या दशकांत.

१९८९ सालची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा फ्रान्सच्या लोराँ फिन्याँच्या ५० सेकंद मागे होता. उरले होते व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतचे २४.५ किलोमीटर. लेमाँडने हँडलला पुढे निघालेले दांडे लावले होते, त्यांवर कोपर टेकून तो वाकून बसला. हे दांडे ट्रायथलॉनवाल्यांचे होते. आणि मूळ कल्पना त्याहूनही दूरची: बर्फावरून घसरत येणारे स्कीपटू वारा कापण्यासाठी जसे अंग चोरून बसतात, तसे सायकलीवर बसावे, असे एका स्की प्रशिक्षकाला सुचले होते. ३,००० किलोमीटरांहून लांब शर्यत लेमाँडने ८ सेकंदांनी जिंकली. स्पर्धकांचा बूट ज्या पॅडलमध्ये खट्‌कन अडकतो, ते पॅडल बाजारात आणले लुक या फ्रेंच कंपनीने १९८४ साली. ही कंपनी स्कीचे बूट अडकविण्याच्या पकडी बनवीत असे. पुढच्याच वर्षी बर्नार इनोने त्या पॅडलवर टूर जिंकली. पाठीवर पाण्याची पिशवी आणि तोंडाशी नळी, हे आज गिर्यारोहकांपासून सैनिकांपर्यंत सर्वांकडे दिसणारे सामान आहे. त्याची सुरुवात टेक्ससच्या उन्हातल्या एका सायकल फेरीत झाली. रुग्णसेवेत काम करणाऱ्या एकाने सलाइनची पिशवी पाण्याने भरली, लांब मोज्यात घालून पाठीला टाचली आणि नळीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. आणि स्कॉटलंडच्या ग्रेम ओब्रीने १९९३ साली एका तासात ५१.५९६ किलोमीटर जाऊन जो विक्रम केला, त्या घरी बनविलेल्या सायकलीत धुलाई यंत्रातील बेअरिंगे होती.

आपल्याकडेही दाखले कमी नाहीत. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रवासाला सायकलीवरून निघाले. त्यांपैकी आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरांची प्रदक्षिणा पुरी करून १९२८ साली परत आले. ते मुंबईच्या एका वजन उचलणाऱ्यांच्या क्लबाचे सभासद होते. म्हणजे त्यांनी दुसऱ्या खेळातून सामानच काय, शरीरही उसने आणले असे म्हणायला हरकत नाही! मुंबईचे डबेवाले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून डबे पोचवीत आले आहेत. पांढरी टोपी आणि साधे कपडे घालून, हँडलला आणि कॅरियरला डबे लटकावून ते ज्या गर्दीतून सायकल काढतात, तेथे महागड्या वेशातला स्वारही घाबरेल. माझी खोलीतली मैत्रीण विजापूरकडची आहे, ती या अंकाच्या कन्नड विभागात लिहिते. तिच्याकडून ऐकावे, विजापूर-बागलकोट भागातल्या शेतकऱ्यांच्या घरांतून राष्ट्रीय शर्यतींतले किती सायकलपटू निघाले ते. दूध घालायला आणि शाळेत जायला घेतलेल्या सायकलीवरच पुष्कळांचे पाय तयार झाले, असे ती अभिमानाने सांगते.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न आणखी अवघड आहे, म्हणून त्यावर थोडे लिहिते. मुलांना वेश नसला तर हसतात. मुलींना वेश असला तरी हसतात आणि नसला तरी हसतात! घट्ट कपडे घातले तर गावाचे डोळे, आणि सलवार-ओढणी घातली तर चाकाचे दात. मला सायकल मिळाली त्या आठवड्यातच माझी ओढणी मागच्या चाकात गेली. गळ्याला हिसका बसला आणि मी रस्त्याच्या कडेला पडले. सुदैवाने ओढणी फाटली. आजीने ती फाटकी ओढणी हातात घेतली आणि म्हणाली, "चाकाले लाज नसते वो पोरी. ते ओढनी बी ओढते अन् गळा बी." मग तिने मला शेतात निंदायला जाणाऱ्या बाया पदर कसा आवळतात ते दाखविले: खांद्यावरून तिरपी घ्यायची, पाठीमागून फिरवायची आणि कमरेला गाठ मारायची. टोक सुटे ठेवायचे नाही. त्या दिवसापासून ओढणीने मला त्रास दिला नाही. आजी स्वतः नऊवारी नेसते. दोन पायांमधून कासोटा घातलेल्या लुगड्यावर सायकल बिनधास्त चालविता येते, हे तिने वयाच्या पासष्टाव्या वर्षी अंगणात चार फेऱ्या मारून सिद्ध केले. युरोप-अमेरिकेत १८९० च्या दशकात बायकांनी सायकलीसाठी तुमानीसारखा पोशाख घातला तेव्हा केवढा गहजब झाला होता! आमच्या आज्यांनी तो प्रश्न न गाजवता आधीच सोडविला होता.

तात्पर्य, साखळीला आवरण, मागच्या चाकाला जाळी आणि ओढणीला गाठ, एवढ्यावर कोणतीही मुलगी कोणत्याही फेरीला जाऊ शकते. ज्यांना ट्रॅक पँट आणि टी-शर्ट सोयीचा वाटतो त्यांनी तो घालावा. ज्यांना सलवार सोयीची त्यांनी सलवार.

परंतु येथे मी थांबले तर हा लेख अर्धवट होईल, आणि थोडा अप्रामाणिकही. कारण उसनवारीलाही मर्यादा आहे. ती मला दोन प्रसंगांनी शिकविली.

पहिला प्रसंग माझ्या काकांचा. हिवाळ्यात दुसऱ्या पाळीवरून ते रात्री परत येत. अंगावर काळे घोंगडे. ऊब उत्तम, कुठल्याही दुकानी जाकिटापेक्षा उत्तम. पण रात्रीच्या रस्त्यावर काळे घोंगडे म्हणजे अंधाराचाच एक तुकडा. ते आंबिया बहाराचे दिवस होते, संत्र्यांचे ट्रक रात्रभर धावत. एका ट्रकचा आरसा काकांच्या खांद्याला लागला आणि ते चारीत पडले. खांद्याचे हाड मोडले; दोन महिने पाळी बुडाली. ट्रकवाल्याने त्यांना पाहिलेच नव्हते, आणि काकाही त्याला दोष देत नाहीत. बरे झाल्यावर त्यांनी कुठून तरी रस्त्याच्या कामावरचे, चकाकत्या पट्ट्यांचे एक जुने जाकीट मिळविले. आता घोंगड्यावर ते जाकीट घालतात. लांबून दिवा पडला की पट्ट्या उजळतात. उसन्या वस्तूने घात केला आणि उसन्याच वस्तूने वाचविले. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी ती वस्तू कशासाठी बनविली आहे, याचा विचार केला होता.

दुसरा प्रसंग दादाचा. एका शहरात खुली सायकल शर्यत होती. दादा पहाटे चारला निघून, पन्नासएक किलोमीटर सायकल मारत तेथे पोचला. अंगात फुटबॉलची चड्डी, पायांत कॅनव्हास, हातांत ते यष्टिरक्षकाचे मोजे. पत्रकात लिहिले होते की हेल्मेट आवश्यक आहे. म्हणून त्याने मित्राकडून कारखान्यातले पिवळे हेल्मेट आणले होते. संयोजकांच्या मांडवात ते पाहून हशा पिकला. कुणीतरी विचारले, "इमारत बांधायला आलास काय?" त्याला शर्यतीत घेतले नाही. क्रमांकाचे कापड परत देऊन तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला, शर्यत सुटताना पाहिली आणि पुन्हा पन्नास किलोमीटर सायकल मारत घरी आला. दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

मी त्या वेळी संयोजकांवर फार चिडले होते. आज विचार करते तेव्हा माझे मत अर्धे बदलले आहे. पिवळे हेल्मेट नाकारले हे योग्यच झाले. ते हेल्मेट वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असते. आत पट्ट्यांचा झोळा असतो, तो वरचा मार सोसतो. सायकलवरून पडणारा माणूस कपाळावर, कानशिलावर, नाहीतर मागे आपटतो, आणि हनुवटीखाली पट्टा नसला तर ते हेल्मेट डोक्याच्या आधीच रस्त्यावर पोचते. क्रिकेटचे हेल्मेट चेंडूसाठी; डांबरावर आपटण्यासाठी त्याची परीक्षा झालेली नसते. मोटारसायकलचे हेल्मेट डोके नक्की वाचविते, पण ते जड, बंद आणि कानांवर येणारे. मे महिन्यात चढावर पॅडल मारणाऱ्याला ते सोसत नाही. सायकलच्या हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारखा दाट फेस असतो. आपटताना तो चिरडतो, आणि चिरडण्यात धक्का खर्च होतो. म्हणून एकदा जोराने आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरायचे नसते. मग ते वरून कितीही धड दिसो. १९९५ साली टूर द फ्रान्समध्ये डोंगर उतरताना पडून फाबिओ कासार्तेली हा ऑलिंपिक विजेता गेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. २००३ साली आंद्रेई किविलेव्ह असाच गेला, आणि त्यानंतर जागतिक संघटनेने हेल्मेट सक्तीचे केले. ज्या खेळातले राजे इतकी वर्षे बोडक्याने फिरले, त्या खेळालाही हे शिकायला दोन तरुण गमवावे लागले.

तेव्हा माझी सीमारेषा अशी: जे सोयीसाठी आहे ते खुशाल घरातून, शेतातून, दुसऱ्या खेळातून आणावे. विजार, मोजे, चड्डी, पिशवी, दुपट्टा, पेपर, चष्मा, काही चालेल. पण जे जीव वाचविण्यासाठी आहे, ते त्याच कामासाठी बनलेले हवे. अशा गोष्टी मोजून तीन आहेत: डोक्यावरचे हेल्मेट, रात्रीचा मागचा लाल दिवा आणि नीट लागणारे ब्रेक. ब्रेकच्या घासलेल्या रबराच्या जागी चपलेचा तुकडा लावणारे मी पाहिले आहेत. त्यांना हात जोडून विनंती, की तसे करू नका.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही मी टाळत नाही. मोठ्या पल्ल्याला खास सामान लागतेच. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणाऱ्या शर्यतीत उतरले. २०१७ साली तीच सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत नाशिकचे श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी केली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून जगाला फेरी मारून आली. त्यांनी कॅनव्हासचे बूट घालून जावे, असे मी म्हणणार नाही. दिवसाला चारशे किलोमीटर जाणाऱ्याच्या बुटाचा तळ वाकला तर पाय निकामी होतो. पण आपली फेरी पंचवीस किलोमीटरांची आहे! हिमालयात जाणाऱ्याचे सामान पाहून पर्वतीला जाणाऱ्याने घरी बसावे, तसे हे झाले. आणि हे सर्व लोक पहिल्या दिवशी कुठल्या तरी साध्याच सायकलीवर साध्याच कपड्यांत बसले असतील, हेही विसरून चालणार नाही.

आता दादाच्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग. त्या संयोजकांनी हेल्मेट नाकारले ते बरोबर. पण मांडवात दोनचार जादा हेल्मेटे ठेवली असती तर पन्नास किलोमीटरांवरून आलेला मुलगा परत गेला नसता. नियम करणाऱ्याने नियम पाळण्याची सोयही करावयास हवी. आपल्या जिमखान्यात क्रिकेटचे पॅड्स, बॅटी आणि ग्लोव्हज सही करून मिळतात. स्वतःचे पॅड्स आणल्याशिवाय फलंदाजीला उतरू नये, असे कुणी म्हणत नाही. तसे म्हटले असते तर आपल्या संघात अकरा खेळाडूही जमले नसते. मग सायकलीच्या बाबतीतच प्रत्येकाने सगळे घरून आणावे, ही अपेक्षा का?

म्हणून जिमखाना समितीला आणि आमच्या प्राध्यापकवर्गाला माझी नम्र सूचना आहे. जिमखान्याने दहा हेल्मेटे आणि दहा मागचे लाल दिवे घ्यावेत. ते वहीत सही करून द्यावेत आणि परत घ्यावेत. आपटलेले हेल्मेट मोडीत काढण्याचा नियम वहीच्या पहिल्या पानावरच लिहावा. फेरीच्या सकाळी फाटकाशी प्रत्येक सायकलीचे ब्रेक तपासावेत. आणि सूचनेच्या कागदावर मराठीत व कन्नडमध्ये एक ओळ ठळक छापावी: "पोशाखाची अट नाही." या एका ओळीने अकरा नावांची चाळीस होतील, अशी माझी खात्री आहे.

दादाने त्या शर्यतीनंतर वर्षभर पैसे साठवून हेल्मेट घेतले. बाकी सगळे तेच आहे: तीच फुटबॉलची चड्डी, तेच कॅनव्हास, आणि बोटांवर फाटलेले तेच हातमोजे. मी सुट्टीत घरी जाते तेव्हा आम्ही दोघे पहाटे सौंसरपर्यंत जाऊन येतो. मी ओढणीला आजीची गाठ मारते.

फेरीच्या कागदावर बारावे नाव माझे आहे. खाली जागा भरपूर आहे.